स्मरणिकेतील कलाकार-परिचय: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात टपालाने आणि ईमेलने आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत आणि त्याचे कारण उघड आहे. स्पर्धांचा आणि महोत्सवांचा हंगाम तोंडावर आला, की संस्था प्रत्येक कलाकाराकडे एक छायाचित्र आणि ‘थोडक्यात परिचय’ मागतात. छायाचित्र मोबाइलमध्ये सापडते. परिचय मात्र बसून लिहावा लागतो, आणि तो बहुधा शेवटच्या रात्री तालमीहून परतल्यावर लिहिला जातो. आलेल्या पत्रांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या पत्रासोबत वाचकाने आपला मसुदाच जोडला असल्यामुळे त्याचे उत्तर साहजिकच लांबले आहे.

प्रश्न: मी बँकेत नोकरी करते आणि १९९८ पासून हौशी नाटकांत काम करते. येत्या महिन्यात प्रभादेवीला होणाऱ्या एका नाट्यमहोत्सवात आमच्या संस्थेचे नवे नाटक आहे. त्यात गिरणगावातील एका खाणावळवाल्या बाईची भूमिका माझ्याकडे आहे. स्मरणिकेसाठी आयोजकांनी प्रत्येकाकडून साठ शब्दांत परिचय मागवला आहे. माझा मजकूर दोनशे शब्दांच्या पुढे गेला; शिवाय स्वतःविषयी ‘त्यांनी रसिकांची मने जिंकली’ असे लिहिताना फार संकोच वाटला. मसुदा सोबत आहे. यातील काय ठेवावे आणि काय काढावे? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: आपल्या मसुद्याचे पहिलेच वाक्य असे आहे: ‘बालपणापासूनच अभिनयाची आवड असलेल्या या गुणी अभिनेत्रीने आपल्या कसदार अभिनयाने रसिकांच्या मनावर अधिराज्य गाजवले आहे.’ आपल्याला संकोच वाटला हे चांगले लक्षण आहे. दादरच्या शिवाजी मंदिरापासून ठाण्याच्या गडकरी रंगायतनापर्यंत कोठेही वाटल्या गेलेल्या कोणत्याही स्मरणिकेत हे वाक्य कोणाच्याही छायाचित्राखाली बेमालूम बसेल. नाव बदलल्यावरही ज्या वाक्याचे काही बिघडत नाही, ते परिचयातून सरळ काढून टाकावे. ही एकच कसोटी लावली, तरी आपल्या दोनशे शब्दांतील ऐंशी-नव्वद शब्द गळून पडतात. ‘हरहुन्नरी’, ‘चतुरस्र’, ‘संवेदनशील’, ‘रंगभूमीवर निस्सीम प्रेम करणाऱ्या’ ही सर्व विशेषणे त्यात गेली, आणि त्यांच्या जाण्याने आपल्याविषयीची एकही माहिती कमी झाली नाही.

उरलेल्या मजकुराकडे वळण्यापूर्वी, तो कोण वाचणार आहे याचा विचार करावा. स्मरणिका घरी नेऊन निवांत वाचणारे प्रेक्षक थोडे असतात. बहुतेकांच्या ती हाती पडते ती पहिल्या आणि तिसऱ्या घंटेच्या मधल्या काही मिनिटांत, आत जाणाऱ्यांना वाट देण्यासाठी उठबस चालू असताना. आणि पुन्हा उघडली जाते ती मध्यंतरात, बटाटेवडा संपवून हात पुसल्यावर. पहिल्या वेळी प्रेक्षक नुसते चेहरे चाळतो. दुसऱ्या वेळी मात्र त्याला काहीतरी नेमके हवे असते: पहिल्या अंकात सगळ्या गाळ्यांचा हिशेब तोंडी सांगणारी ती बाई कोण, आणि आपण तिला याआधी कोठे पाहिले आहे? परिचयाने या दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. ती दिल्यावर जागा उरली, तरच बाकीच्या गोष्टींचा विचार करावा.

मराठी प्रेक्षकाला नाटकाची ओळख आधी करून घेण्याची सवय जुनी आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगवले, तेव्हापासून सूत्रधार पुढे येऊन खेळाची प्रस्तावना करत असे. पुढे संगीत नाटकांच्या काळात पदांच्या पुस्तिका नाटकगृहात विकत मिळू लागल्या. या सगळ्यात नाटकाचे आणि नाटककाराचे नाव ठळक असे; नटाचा चरित्रवजा परिचय ही तुलनेने अलीकडची रीत आहे. व्यावसायिक नाटकाच्या रोजच्या प्रयोगाला आजही छापील परिचय क्वचितच मिळतो, कारण तेथे वर्तमानपत्रातील जाहिरात आणि दारावरचा फलक पुरेसा ठरतो. महोत्सव, स्पर्धा, संस्थांचे वर्धापनदिन आणि परगावचे किंवा परदेशातील महाराष्ट्र मंडळांचे कार्यक्रम येथेच तो प्रामुख्याने लागतो. त्यामुळे सराव नसणे स्वाभाविक आहे, आणि सराव नसला की माणूस सत्काराच्या मानपत्राची भाषा उसनी घेतो.

आता आपल्या मसुद्यातील माहितीकडे येऊ. आपण नऊ एकांकिकांची नावे स्वल्पविराम देत ओळीने लिहिली आहेत. कोणत्या एकांकिकेत कोणती भूमिका, कोणत्या साली, हे मात्र कोठेच नाही. नुसती नावांची माळ प्रेक्षकाला काही सांगत नाही. त्यांतील ज्या भूमिकेमुळे एखाद्या प्रेक्षकाला आपण आठवण्याची शक्यता आहे, अशी एक किंवा फार तर दोन कामे निवडावीत आणि त्यांच्यासोबत भूमिकेचे नाव द्यावे. आपण ‘एकच प्याला’मध्ये गीता केली होती, असे मसुद्यातच एका कंसात लिहिले आहे. ते कंसातून बाहेर काढावे. गडकऱ्यांच्या त्या नाटकात सिंधू करणाऱ्या नटीची सगळे चौकशी करतात. तळीरामाची बायको करणारी नटी जाणकाराच्याच लक्षात राहते, आणि महोत्सवाचा प्रेक्षक तसा जाणकार असतो.

‘अनेक लोकप्रिय मालिकांतून भूमिका’ हे वाक्य दूरदर्शन मालिकांत दोन-चार दिवसांचे काम केलेला प्रत्येक जण लिहितो. एखाद्या मालिकेतील भूमिका खरोखर लोकांच्या लक्षात राहिलेली असेल, तर मालिकेचे आणि पात्राचे नाव लिहावे. नसेल, तर तो उल्लेख नसलेलाच बरा. घरच्यांचा पाठिंबा, सासूबाईंचे प्रोत्साहन आणि शाखाधिकाऱ्यांनी दिलेली सुट्टी यांविषयीचा परिच्छेद मनापासून लिहिलेला आहे, हे जाणवते. पण तो ऋणनिर्देशाचा मजकूर आहे आणि स्मरणिकेत संस्थेच्या आभाराच्या पानावर त्याला जागा मिळू शकते. न्यू यॉर्कमध्ये १८८४ पासून निघणाऱ्या आणि नाट्यगृहांत मोफत वाटल्या जाणाऱ्या ‘प्लेबिल’ या पुस्तिकेत कलाकार परिचयाच्या शेवटी आईवडिलांचे, गुरूंचे, कधी पाळीव कुत्र्याचेही आभार मानतात. तेथे ती रीत रुळली आहे. साठ शब्दांच्या हद्दीत ती आपल्याला परवडणारी नाही, असे माझे मत आहे.

पुरस्काराच्या वाक्याबाबत मात्र मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. मसुद्यात ‘राज्य पुरस्कारप्राप्त अभिनेत्री’ असे शब्द आहेत आणि जोडलेल्या कागदांवरून दिसते, की आपल्याला २०१६ मध्ये राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत अभिनयाचे गुणवत्ता प्रमाणपत्र मिळाले. ही चांगली गोष्ट आहे आणि ती परिचयात असलीच पाहिजे. परंतु ‘राज्य पुरस्कार’ या शब्दांनी वाचकाच्या मनात वेगळेच चित्र उभे राहते. राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयातर्फे होणाऱ्या या स्पर्धेची प्राथमिक फेरी केंद्राकेंद्रांवर होते, तेथून निवडलेली नाटके अंतिम फेरीत जातात, आणि अभिनयासाठी रौप्यपदक व गुणवत्ता प्रमाणपत्र अशी वेगवेगळी पारितोषिके असतात. सभागृहात बसलेल्या प्रेक्षकांपैकी निम्म्या लोकांनी कधी ना कधी या स्पर्धेत काम केलेले असते किंवा निदान पडदा ओढलेला असतो. त्यांना फेरी आणि पारितोषिक नेमके सांगितले, तर त्याचा मान राहतो. मोघम सांगितले, तर ते मध्यंतरात एकमेकांना ‘कोणता हो हा पुरस्कार?’ असे विचारू लागतात. पारितोषिकाचे नाव, वर्ष, फेरी आणि भूमिका या चार गोष्टी एका वाक्यात मावतात.

आपल्या पत्रातील सर्वात मोलाची माहिती मसुद्यात नाहीच. ती पत्राच्या शेवटी, ताजा कलम म्हणून आली आहे: आपल्या आजीची लालबागला गिरणी कामगारांसाठी खाणावळ होती आणि १९८२ च्या संपानंतर ती बंद पडली. ही ओळ वाचून मी मसुदा बाजूला ठेवला आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचले. ज्या नाटकात आपण खाणावळवाल्या बाईची भूमिका करता आहात, त्याच्या स्मरणिकेत ही माहिती नसावी, हे काही पटत नाही. भूमिकेशी थेट नाते असलेली खासगी गोष्ट हीच परिचयात येण्यास पात्र असलेली खासगी गोष्ट होय. आवडता रंग, छंद, प्रवासाची आवड यांचा या नाटकाशी संबंध नाही, म्हणून ते वगळावे. मात्र आजीविषयी लिहिताना ‘त्यामुळे ही भूमिका त्यांच्या हृदयाच्या अगदी जवळची आहे’ असे पुढे जोडू नये. ते प्रेक्षक आपले आपण समजून घेतो.

या सर्वांतून माझ्या मते मजकूर असा तयार होईल:

‘(नाव) १९९८ पासून हौशी आणि प्रायोगिक रंगभूमीवर काम करत आहेत. “एकच प्याला”तील गीतेच्या भूमिकेसाठी त्यांना २०१६ मध्ये राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत अभिनयाचे गुणवत्ता प्रमाणपत्र मिळाले. अनेक एकांकिकांसाठी त्यांनी रंगभूषाही केली आहे. त्यांच्या आजीची लालबागला गिरणी कामगारांसाठी खाणावळ होती. या नाटकात त्या खाणावळवाल्या बाईच्या भूमिकेत आहेत. त्या बँकेत नोकरी करतात आणि डोंबिवलीत राहतात.’

हा मजकूर साठ शब्दांच्या आत बसतो. त्यात एकही विशेषण आपली स्तुती करण्यासाठी वापरलेले नाही. रंगभूषेचा उल्लेख मी मुद्दाम ठेवला आहे, कारण मुंबईच्या प्रायोगिक रंगभूमीवर एक माणूस तीन कामे करतो ही वस्तुस्थिती आहे आणि ती सांगण्यात कमीपणा नाही. बँकेचे नाव मात्र घालू नये. नोकरी सांगायची असेल, तर तिचे स्वरूप सांगणे पुरेसे आहे. डोंबिवलीचा उल्लेख ठेवायचा की नाही, हे आपण ठरवावे. तो काढला, तर वाचलेल्या शब्दांत आणखी एक भूमिका मावेल.

आपल्या संकोचाचा दुसरा भाग ‘त्यांनी’, ‘त्या’ अशा आदरार्थी बहुवचनाचा होता. स्वतःच स्वतःला अहोजाहो करणे विचित्र वाटते, हे खरे. पण स्मरणिकेत बोलते ती संस्था, आपण नव्हे. आपण फक्त संस्थेच्या वतीने मजकूर पुरवत असतो. म्हणूनच सर्व परिचय एकाच पद्धतीने लिहिलेले असावेत. ज्येष्ठांना ‘ते’ आणि महाविद्यालयीन मुलांना ‘तो’ असा भेद काही स्मरणिकांत दिसतो आणि तो वाचताना खटकतो. नावाआधीचे श्री., सौ., कु. हे सर्व गाळावे. लग्नाआधीच्या नावाने आपली कामे लोकांना माहीत असतील, तर ते नाव कंसात द्यावे, कारण मध्यंतरातील प्रेक्षक आपल्याला कदाचित त्याच नावाने शोधत असेल.

शेवटी एक व्यावहारिक सूचना करतो. प्रत्येक प्रयोगानंतर नाटकाचे नाव, भूमिका, दिग्दर्शक, नाट्यगृह आणि तारीख एका वहीत टिपून ठेवावी. दहा वर्षांनी साल आठवेनासे होते, आणि मग परिचयात ‘गेली अनेक वर्षे’ असे शब्द येतात. ही वही असली, की पुढच्या नाटकाचा परिचय वेगळा लिहिता येतो. तो वेगळा असायलाच हवा, कारण पुढच्या भूमिकेला आजीची खाणावळ लागू पडणार नाही. आयोजक ऐन वेळी जागा कमी करतात, म्हणून याच मजकुराची तीस शब्दांची आवृत्तीही तयार ठेवावी: पहिले वाक्य, पुरस्काराचे वाक्य, बस.

प्रश्न: आमच्या संस्थेच्या वर्धापनदिनानिमित्त गिरगावात साहित्य संघ मंदिरात संगीत नाटकाचा प्रयोग आहे आणि स्मरणिकेची जबाबदारी माझ्यावर आली आहे. चौदा कलाकार आहेत. ज्येष्ठ गायक-नटांनी दीड-दीड पान पाठवले आहे, तर नव्या मुलामुलींनी दोन ओळी. कोणाचे नाव आधी घ्यावे यावरून मागील वेळी रुसवेफुगवे झाले; छपाईत काही नावेही चुकली होती. काय करावे? (एक कार्यकर्ता, गिरगाव)

उत्तर: रुसवे टाळण्याचा मार्ग एकच आहे: मजकूर मागवण्यापूर्वीच शब्दमर्यादा आणि क्रम जाहीर करावा. मजकूर आल्यावर केलेली काटछाट ही व्यक्तीवर केलेली कुरघोडी वाटते. आधी सांगितलेला नियम संस्थेचा राहतो. आपल्याकडे मजकूर आलेलाच आहे, तेव्हा आता सर्वांना एकच पत्र पाठवून साठ शब्दांची मर्यादा कळवावी, आणि ज्येष्ठांना तेच पत्र हातात नेऊन द्यावे, सोबत त्यांच्या दीड पानातून आपण काढलेला साठ शब्दांचा मसुदाही न्यावा. कोऱ्या कागदासमोर बसून स्वतःची कारकीर्द कापणे जड जाते. समोर तयार मसुदा असला, की बहुतेक जण दोन शब्द बदलून होकार देतात. संगीत नाटकात गुरूंचे नाव घेण्याची परंपरा आहे आणि ती पाळावी, परंतु ज्यांच्याकडे प्रत्यक्ष तालीम घेतली त्या एका-दोन गुरूंचेच. एका शिबिरात ज्यांना ऐकले त्यांचे नव्हे.

क्रमासाठी पान उघडताच शीर्षकातच ‘कलाकार (रंगमंचावर येण्याच्या क्रमाने)’ असे छापावे. कलाकार अकारविल्हे लावले तरी चालतात, पण प्रेक्षकाच्या दृष्टीने प्रवेशाचा क्रम सोयीचा, कारण ज्या क्रमाने चेहरे समोर येतात त्याच क्रमाने ते त्याला कागदावर सापडतात. नियम छापलेला असला, की पहिले नाव कोणाचे यावर वाद घालायला जागा राहत नाही. प्रत्येक परिचयाच्या वर नावासोबत भूमिकेचे नाव असावे. हे इतके उघड आहे, की बरेचदा तेच राहून जाते.

चौदा कलाकारांच्या यादीत आपण ऑर्गन आणि तबल्याची साथ करणाऱ्यांना धरलेले दिसत नाही. संगीत नाटकाच्या स्मरणिकेत त्यांचा परिचय नसणे ही मोठी उणीव ठरेल. नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा आणि वेशभूषा करणाऱ्यांनाही तीस-तीस शब्द द्यावेत. जागा कोठून आणायची, हा प्रश्न येईल. मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत वाढतात; बारा पानांचा मजकूर तेरावर गेला, की थेट सोळा पानांचा खर्च येतो. ए-५ आकाराच्या पानावर छायाचित्रासह साठ शब्दांचे चार परिचय साधारणपणे बसतात, म्हणजे कलाकारांना साडेतीन पाने लागतील आणि उरलेल्या अर्ध्या पानात साथीदार येतील. हा हिशेब जाहिराती घेण्यापूर्वी करावा. आपल्या स्मरणिका जाहिरातींवर निघतात, हे मान्य आहे. पण शेवटच्या दिवशी आलेल्या अर्ध्या पानाच्या जाहिरातीसाठी नेहमी परिचयच आखडते घेतले जातात, आणि तेही नवोदितांचे. ती अर्ध्या पानाची जाहिरात ज्या पानावर अध्यक्षांचे मनोगत आहे तेथे बसवून पाहावी.

छायाचित्रे व्हॉट्सॲपवर साधी पाठवली, की ती आकसतात आणि छपाईत चेहरा धूसर येतो. म्हणून ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ईमेलने मागवावीत. अलीकडचा, रंगभूषेविना असलेला चेहरा घ्यावा. पागोटे आणि मिशा लावलेल्या छायाचित्रावरून नटाला कोणी ओळखत नाही.

नावांच्या चुकांमागे बरेचदा एक तांत्रिक कारण असते. कलाकार मोबाइलवर युनिकोडमध्ये मजकूर टंकतात आणि मुद्रणालयात तो श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये नेला जातो. या रूपांतरात ‘ॲ’, ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’ यांसारखी अक्षरे फुटतात किंवा गळतात, आणि संगणकावर मूळ मजकूर बरोबर दिसत असल्यामुळे चूक लक्षात येत नाही. त्यामुळे फाइल तपासून उपयोग नाही. पान जुळल्यानंतरची कागदी प्रूफे काढून ती तपासावीत, आणि प्रत्येक कलाकाराला त्याच्या परिचयाचे छायाचित्र पाठवून ‘वाचले, बरोबर आहे’ असे लेखी उत्तर घ्यावे. नावे, आडनावे आणि साल ही तीन गोष्टी एकाने मोठ्याने वाचाव्यात आणि दुसऱ्याने मूळ मजकुराशी ताडून पाहाव्यात. तरीही प्रयोगाच्या दिवशी एखादा कलाकार आजारी पडून भूमिका बदलली, तर नव्या कलाकाराचा परिचय छोट्या चिठ्ठीवर छापून स्मरणिकेत घालावा आणि तिसऱ्या घंटेआधीच्या घोषणेत त्याचे नाव घ्यावे.

आपल्या नाटकात लहान मुले असतील, तर त्यांच्या परिचयात शाळेचे नाव, इयत्ता आणि राहण्याचे ठिकाण एकत्र देऊ नये. नाव, भूमिका आणि गाणे किंवा नृत्य शिकत असल्याचा उल्लेख पुरेसा आहे, आणि तोही पालकांना दाखवूनच छापावा.

प्रश्न: एका गाजलेल्या व्यावसायिक नाटकात मी काही महिने रिप्लेसमेंट म्हणून मुख्य भूमिका केली. परिचयात ते लिहावे का? मूळ कलाकाराचे चाहते नाराज होतील, अशी भीती वाटते. (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर: अवश्य लिहावे. दुसऱ्याने बसवलेली भूमिका थोड्या तालमींत उभी करणे आणि तिकीट काढून आलेल्या, आपल्याऐवजी दुसऱ्याला पाहायला आलेल्या प्रेक्षकांसमोर ती निभावणे, हे काम नाटकवाल्यांना माहीत असते आणि ते त्याची किंमत जाणतात. फक्त भूमिका मुळात आपणच केली असा समज होईल, अशी वाक्यरचना टाळावी. ‘या नाटकाच्या पुढील प्रयोगांत त्यांनी अमुक भूमिका केली’ हे वाक्य पुरेसे प्रामाणिक आहे, आणि मूळ कलाकाराचे नाव घेण्याची त्यात गरजही पडत नाही. प्रयोगांची संख्या नेमकी ठाऊक असेल, तर तीही द्यावी. नाटकाचे एकूण प्रयोग सांगून त्यांतील आपला वाटा धूसर ठेवू नये. दौऱ्यांतील प्रयोग मोजायचे की नाही असे आपण पुढे विचारले आहे. अर्थातच मोजायचे.

प्रश्न: मी मुलुंडच्या एका महाविद्यालयात शिकते. आंतरमहाविद्यालयीन एकांकिकेनंतर हेच माझे पहिले बाहेरचे नाटक आहे. परिचयात लिहिण्यासारखे काहीच नाही. रिकामी जागा वाईट दिसेल का? (एक विद्यार्थिनी)

उत्तर: जागा रिकामी दिसत नाही, ती भरण्यासाठी घातलेले ‘उमदी’, ‘होतकरू’, ‘उज्ज्वल भवितव्य असलेली’ हे शब्द मात्र नक्की दिसतात. आपण काय शिकता, कोणत्या एकांकिकेत काय केले, आणि हे आपले पहिले नाटक आहे, ही तीन साधी वाक्ये लिहावीत. एकांकिकेत आपण भूमिका केली नसेल आणि विंगेत उभे राहून प्रॉम्प्टिंग केले असेल, संगीताचे संकेत सांभाळले असतील किंवा नेपथ्याचे सामान लोकलच्या मालडब्यातून नेले असेल, तर तेही लिहावे. आपल्या पत्रात एक ओळ आहे, की या नाटकासाठी आपण मालवणी बोली एका शेजाऱ्यांकडून शिकलात आणि त्यांना रोज दिवसाचे संवाद वाचून दाखवता. ही ओळ परिचयात घ्यावी. त्या शेजाऱ्यांचे नाव घालायचे असेल, तर आधी त्यांना विचारावे आणि प्रयोगाला दोन पास द्यावेत.

आपल्याकडून परिचय इंग्रजीतही मागितला असल्याचे आपण लिहिले आहे. मराठी मजकुराचे शब्दशः भाषांतर करू नये. मराठी वाचकाला आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. नरिमन पॉइंटला नाटक पाहायला आलेल्या परभाषिक प्रेक्षकाला ते चार शब्दांत सांगावे लागते. त्याऐवजी तेथे एखादा स्थानिक तपशील कमी केला, तरी चालेल. आपले नाव इंग्रजीत कसे लिहायचे, ते मात्र आताच एकदा ठरवून टाकावे आणि पुढे प्रत्येक स्मरणिकेत तेच स्पेलिंग द्यावे. दोन वेगळ्या स्पेलिंगांमुळे एकाच नटीची कामे दोन नावांखाली विभागली जातात आणि नंतर ती शोधणाऱ्याला सापडत नाहीत.